पणजोबा शोधायचे तर भांडण शोधा: सोलापूरकरांसाठी जुनी मृत्युपत्रं आणि कोर्टाची दप्तरं धुंडाळण्याची वाट

माझी आत्या ठासून सांगायची, "आपल्या घराण्यात कोर्टाची पायरी कुणी चढलं नाही." ती गेल्यावर माळ्यावरची पत्र्याची पेटी उघडली, तर तळाशी कोर्टाच्या एका हुकूमनाम्याची नक्कल निघाली. आत्याच्या सख्ख्या आजोबांवर त्यांच्याच विधवा चुलतीनं अन्नवस्त्राचा दावा लावला होता, आणि तो जिंकलाही होता. ही चुलती आमच्या वंशावळीत कुठंच नव्हती. तिच्या नवऱ्याच्या नावापुढं "निर्वंश" एवढा एक शब्द, आणि रेघ तिथंच संपलेली.

इंग्रज अमदानीतल्या पूर्वजांचा शोध घेणाऱ्यांना मी तेव्हापासून एकच गोष्ट सांगत आलोय. मृत्युपत्र मिळालं तर उत्तमच, पण आपल्याकडं खरी वंशावळ लिहिली गेली ती भांडणात. पोराबाळांसह गुण्यागोविंदानं नांदलेल्या घराचा कागद सापडत नाही. वाटणी, दत्तक, गहाण, पोटगी यांवरून भांडलेल्या घराच्या मात्र चार-चार पिढ्या शपथेवर लिहून ठेवलेल्या असतात.

मृत्युपत्र का सापडत नाही

विलायती पद्धतीनं वंशशोध करणारे पहिला सल्ला देतात तो मृत्युपत्र शोधण्याचा. त्यांच्याकडं ते बरोबर आहे. सोलापुरात हा सल्ला घेऊन निघालात तर चार महिने फुकट जातील.

कारण असं, की एकत्र कुटुंबातली वडिलोपार्जित मिळकत त्या काळी मृत्युपत्रानं कुणाला देताच येत नसे. भाऊ वारला की त्याचा हिस्सा मागं राहिलेल्या भाऊबंदांत आपोआप मिसळायचा. मृत्युपत्र करायचं ते स्वकष्टार्जिताचं किंवा स्त्रीधनाचं. शिवाय १८७० चा हिंदू विल्स ॲक्ट बंगालला आणि मुंबई-मद्रास या शहरांपुरता लागू होता. सोलापूर पडलं मोफसलात, म्हणजे त्या शहरांबाहेरच्या मुलखात. इथल्या हिंदूंच्या मृत्युपत्राला लेखी स्वरूप आणि दोन साक्षीदार ही अट लागली ती १ जानेवारी १९२७ पासून केलेल्या मृत्युपत्रांना. त्याआधी मरणाच्या खाटेवर चार माणसांसमोर बोललेले शब्दही कोर्टात मृत्युपत्र म्हणून मांडले जात. प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्रावरचं कोर्टाचं शिक्कामोर्तब, तेही मुंबई शहरात केलेल्या किंवा तिथल्या मिळकतीच्या मृत्युपत्रालाच सक्तीचं होतं, एरवी नाही.

त्यामुळं जुनी मृत्युपत्रं मिळतात ती ठरावीक लोकांची: मूल नसलेला सावकार, पेठेत स्वतःच्या हिमतीवर दुकान थाटलेला व्यापारी, देवस्थानाला घर लिहून देणारी विधवा. तुमचे पणजोबा यांत बसत असतील तर पुढं सांगितलेल्या नोंदणी कार्यालयाकडं आधी वळा. बसत नसतील तर सरळ कोर्टाच्या दप्तराकडं.

मुसलमान घरांचं वेगळं. तिथं मृत्युपत्रानं देता येतो तो फार तर एक तृतीयांश, बाकीचं शरियतच्या ठरलेल्या हिश्श्यांनी वाटलं जातं. मुलींनाही हिस्सा असल्यानं वाटणीच्या दाव्यात बहिणी, त्यांचे नवरे, सासरची गावं असं सगळं येतं. वंश शोधणाऱ्याला हे दावे म्हणजे सोन्याची खाणच.

निघण्यापूर्वी: नाव, गाव आणि राज्य कुणाचं

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आधी गाठा, पण त्यांना "आपले पणजोबा कोण?" असं विचारू नका. "आपली जमीन कुणाकडून गेली?", "कुठल्या भाऊबंदांकडं आपण जेवायला जात नाही?" असं विचारा. जिथं जेवण बंद झालेलं असतं तिथं बहुतेक वेळा एक दावा असतो.

मग नावाचं बघा. जुन्या कागदांत आडनाव नसतंच म्हटलं तरी चालेल. "रामा बिन सखा" म्हणजे सखाचा मुलगा रामा. "भागू कोम रामा" म्हणजे रामाची बायको. "भ्रतार" हा शब्द दिसला तर पुढचं नाव नवऱ्याचं. मुसलमान नावांत "वलद" येतो. "अज्ञान" म्हणजे अडाणी नव्हे, वयात न आलेला, त्याच्यापुढं "अ. पा. क." असं असेल तर ते अज्ञान पालनकर्त्याचं नाव, आणि ते बहुधा आईचं किंवा मामाचं असतं. मामाचं नाव म्हणजे आजोळाचा पत्ता मिळाला असं समजा.

सोलापुरात आणखी एक पेच आहे. एकाच माणसाला मराठी कारकून एक नाव लिहितो, कानडी शेजारी दुसऱ्या नावानं ओळखतो आणि इंग्रजी निकालपत्रात तिसरंच उमटतं. शिवलिंगप्पाचा शिवलिंग होतो, मल्लय्याचा मल्लू होतो. इंग्रजीत गावाचं स्पेलिंगही 'शोलापूर' असं होतं. बार्शी, माळशिरस, सांगोला यांचीही दोन-दोन रूपं आहेत. शोधताना सगळी रूपं एका कागदावर लिहून जवळ ठेवा.

आता राज्य. आजचा सोलापूर जिल्हा तेव्हा एका धन्याचा नव्हता. अक्कलकोट स्वतंत्र संस्थान होतं. मंगळवेढं सांगली संस्थानात होतं. शेजारचं तुळजापूर, नळदुर्ग (आज धाराशिव जिल्ह्यात) निजामाकडं. या गावांचे दावे ब्रिटिश सोलापूरच्या रजिस्टरात सापडणार नाहीत, कारण तिथली कोर्टं संस्थानाची होती. खुद्द ब्रिटिश मुलखातही हद्दी सरकत राहिल्या. १८३८ मध्ये इथं नगरच्या हाताखालचा पोटजिल्हा झाला, १८६४ ला तो मोडला आणि १८७१ मध्ये आजच्यासारखी घडी बसली. पंढरपूर आणि सांगोला त्यासाठी साताऱ्यातून आले, माळशिरस १८७५ ला. म्हणजे १८६५ च्या सुमाराचा पंढरपूरचा कागद सोलापुरात नाही म्हणून हिरमुसू नका, साताऱ्याचा विचार करा. त्याच काळातल्या करमाळा-माढ्यासाठी नगर-पुण्याचा.

पहिला थांबा: दुय्यम निबंधक, म्हणजे आपलं सब-रजिस्ट्रार ऑफिस

नोंदणीचा कायदा १८६० च्या दशकात आला, मग १८७१, १८७७ आणि शेवटी १९०८ चा, जो आजही चालू आहे. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावराची खरेदीखतं, गहाणखतं सक्तीनं नोंदवावी लागत. मृत्युपत्राची नोंदणी मात्र ऐच्छिक.

इथं चार पुस्तकं लक्षात ठेवा. पुस्तक १ मध्ये स्थावराचे दस्त. पुस्तक ३ मध्ये मृत्युपत्रं आणि दत्तक घेण्याची अधिकारपत्रं. पुस्तक ४ मध्ये किरकोळ दस्त. पुस्तक ५ मध्ये लखोट्यात बंद करून जिल्हा निबंधकाकडं ठेव म्हणून दिलेल्या मृत्युपत्रांची नोंद. पुस्तक १ आणि त्याची सूची कुणीही फी भरून पाहू शकतो. पुस्तक ३ आपल्याला उघडून बघता येत नाही. त्यातला शोध निबंधकानंच घ्यायचा असतो, पण मृत्युपत्र करणारा वारलेला असेल तर नक्कल कुणालाही मागता येते. नातं सिद्ध करा, वारस दाखला आणा, असं खिडकीवर कुणी म्हणालं तर नोंदणी कायद्याचं कलम ५७ नम्रपणे पुढं करा. आवाज चढवू नका, परत त्याच खिडकीवर यायचंय.

अर्जात मृत्युपत्र करणाऱ्याचं नाव, गाव आणि पाच-दहा वर्षांचा पट्टा द्या. "१८८० ते १९३०" असं लिहिलंत तर कुणीही शोध घेणार नाही. निबंधकाच्या संकेतस्थळावरचा शोध सोलापूरसाठी इतक्या मागं जात नाही, तेव्हा जाणं भाग आहे.

दत्तकाबद्दल एक बारकावा. नवऱ्यानं बायकोला "माझ्या पश्चात दत्तक घे" असं मृत्युपत्राबाहेर लिहून दिलं असेल, तर १ जानेवारी १८७२ नंतरच्या अशा कागदाला नोंदणी सक्तीची होती. पण मुंबई इलाख्यात विभक्त नवऱ्याच्या विधवेला अशा लेखी परवानगीशिवायही दत्तक घेता येत असे. म्हणून पुस्तक ३ मध्ये काही नाही याचा अर्थ दत्तक झालंच नाही, असा होत नाही. दत्तकपत्र बऱ्याचदा पुस्तक ४ मध्ये असतं, किंवा सासऱ्याच्या घरच्यांनी लावलेल्या दाव्यात.

दुसरा थांबा: वारस दाखला

मुंबई इलाख्याचा १८२७ चा आठवा रेग्युलेशन हा आपल्या वंशशोधाचा न ओळखलेला मित्र. माणूस मेल्यावर त्याचा वारस म्हणून मान्यता हवी असेल तर जिल्हा कोर्टात अर्ज द्यायचा, कोर्ट जाहीरनामा काढणार, कुणाची हरकत आली नाही तर दाखला मिळणार. महाराष्ट्रात हा रेग्युलेशन अजून वापरात आहे. मयताचं येणं वसूल करण्यासाठी लागणारं सक्सेशन सर्टिफिकेट वेगळं, त्याचा त्या काळचा कायदा १८८९ चा.

या अर्जांत मृत्यूची तारीख आणि ठिकाण असतं, मागं राहिलेल्या सगळ्या जवळच्या नातलगांची नावं, वयं, पत्ते असतात. पोरकी मुलं असतील तर १८९० च्या गार्डियन्स अँड वॉर्ड्स कायद्याखालचे पालकनेमणुकीचे अर्जही बघा. हे सगळे किरकोळ अर्जांच्या रजिस्टरात असतात, दाव्यांच्या नव्हे. बरेच जण दाव्यांचं रजिस्टर चाळून परत जातात आणि हे राहून जातं.

मोठा थांबा: दिवाणी दावे

इथं वेळ काढा.

आपल्या जिल्ह्याच्या दाव्यांवर एका कायद्याची दाट छाया आहे: १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा. १८७५ च्या सावकारांविरुद्धच्या दंग्यांनंतर तो आला आणि पुणे, सातारा, नगर, सोलापूर या चार जिल्ह्यांना लागू झाला. मधे १८७६ ते ७८ चा दुष्काळ पडलेला, जमिनी गहाण पडलेल्या. या कायद्यानं कोर्टाला सांगितलं की शेतकरी आणि सावकार यांच्यातला हिशेब व्यवहाराच्या मुळापासून तपासा, फक्त शेवटचा रोखा बघू नका. व्याजाची बाकी मुद्दलापेक्षा वर जाऊ देऊ नका, म्हणजे आपला जुना दामदुपटीचा नियम. पुढं १९०७ च्या दुरुस्तीनं, खरेदीखत दिसतंय ते खरं तर गहाण होतं, असं तोंडी पुराव्यानं सांगायची मुभाही शेतकऱ्याला मिळाली.

वंशशोधाला याचा उपयोग असा, की नातवाच्या दाव्यात आजोबांनी काढलेलं कर्ज येतं. कर्ज कुणी घेतलं, बैल कधी मेला, मुलीच्या लग्नाला किती लागले, कोण भाऊ परागंदा झाला, हे सगळं जबानीत उतरतं. गहाण सोडवून घेण्याचा दावा म्हणजे एका घराचा पन्नास वर्षांचा संसारच. वादी शेतकरी आहे की नाही हा मुद्दा पहिला निघत असल्यानं घरात किती माणसं, किती बिघे, शेताव्यतिरिक्त कमाई काय, तेही विचारलेलं असतं. शेतकऱ्यानं करून दिलेला पैशांचा रोखा गावच्या व्हिलेज रजिस्ट्रारसमोर लिहिला नसेल तर तो पुराव्यात चालत नसे, म्हणून त्या रोख्यांवरही बापाचं नाव, वय, राहणं असे तपशील असतात.

वाटणीच्या आणि दत्तकाच्या दाव्यांबद्दल वेगळं सांगायला नको. पण एक प्रकार लोक विसरतात. विधवेला नवऱ्याच्या मिळकतीवर तेव्हा हयातीपुरताच हक्क असे. तिनं जमीन विकली की ती वारल्यावर दूरचे भाऊबंद उठत, "विक्री रद्द करा, खरे वारस आम्ही." त्यासाठी त्यांना मयत नवऱ्याशी आपलं नातं सात-सात पिढ्या मागं जाऊन समान पूर्वजापर्यंत सिद्ध करावं लागे. असा दावा ती वारल्यापासून बारा वर्षांत लावायचा असे. घरात निपुत्रिक विधवा असेल तर तिच्या मृत्यूचं साल काढा आणि पुढची बारा वर्षं रजिस्टरात चाळा. आमच्या चुलतीपर्यंत मी उलट्या बाजूनं पोचलो, पण तुम्ही सरळ वाटेनं जा.

नकलेचा अर्ज करण्याआधी दाव्याचा नंबर, साल आणि कोर्ट हवं. ते मिळतं तीन ठिकाणी. घरातल्या कागदावर. फेरफाराच्या नोंदीत, जिथं "अमुक कोर्टाच्या हुकूमनाम्याप्रमाणे" असं लिहिलेलं असतं. किंवा दावा रजिस्टरात साल धरून पान उलटत. संगणकावरची कोर्टांची यादी हल्लीच्या खटल्यांची आहे, तिथं वेळ घालवू नका. आपण त्या दाव्यात पक्षकार नसल्यामुळं अर्जात कारण लिहावं लागतं आणि परवानगी घ्यावी लागते. "कुटुंबाचा इतिहास लिहिण्यासाठी, वादी माझे खापरपणजोबा" एवढं सरळ लिहा, सोबत जमेल ती नात्याची साखळी जोडा. ओळखीचा वकील असेल तर अर्ज त्याच्या हातून द्या. रेकॉर्ड रूमची भाषा त्याला येते.

सगळं काही जतन झालेलं नसतं. निकालपत्र आणि हुकूमनामा जास्त काळ ठेवतात, जबान्या आणि किरकोळ कागद मुदत संपली की नष्ट केले जातात. म्हणून एकच दस्त मागायची वेळ आली तर निकालपत्र मागा. हुकूमनाम्यात कुणाला काय मिळालं ते असतं, निकालपत्रात का मिळालं ते. आणि दरखास्त विसरू नका. दावा जिंकून काही होत नाही, अंमलबजावणीला दरखास्त द्यावी लागते, आणि ती वर्षानुवर्षं चालते. मधे कुणी वारलं की वारस लावण्याचा अर्ज येतो. त्यात मृत्यूची तारीख आणि सगळी मुलं, मुलीसुद्धा.

आणे-पैंवरून घर मोजणं

हे मला एका जुन्या बेलिफाच्या मुलानं शिकवलं आणि तेव्हापासून हुकूमनामा बघितला की मी आधी आकडे बघतो.

मिळकत सोळा आणे. बारा पैंचा आणा, म्हणजे एकूण १९२ पै. वादीला "२ आणे ८ पै" हिस्सा दिलाय, म्हणजे ३२ पै, म्हणजे एक षष्ठांश. एक शक्य अर्थ: मूळ पुरुषाच्या तीन शाखा, प्रत्येकीला ५ आणे ४ पै, आणि वादीच्या शाखेत दोघं. आता प्रतिवादींची नावं मोजा. एखादी शाखा दिसत नसेल तर तिनं आधीच वेगळं होऊन हिस्सा घेतलेला असू शकतो, आणि तो वाटणीचा कागद पुस्तक १ मध्ये असेल.

घाई मात्र करू नका. मुंबई इलाख्यात मुलांमध्ये वाटणी झाली तर आईलाही एका मुलाइतका हिस्सा मिळत असे. तेव्हा तीन सारखे हिस्से म्हणजे तीन भाऊ, किंवा दोन भाऊ आणि आई. उलट, वाटणीआधी निपुत्रिक वारलेला भाऊ या आकड्यांत उमटतच नाही, त्याचा हिस्सा बाकीच्यांत मुरलेला असतो. त्याची विधवा मात्र अन्नवस्त्राच्या कलमात एका ओळीत येते, आणि तीच एक ओळ त्याच्या असण्याचा पुरावा. १९३७ च्या कायद्यानंतर विधवांना नवऱ्याचा हिस्सा मागता आला, त्यामुळं त्यापुढच्या दाव्यांत बायकांची नावं एकदम वाढलेली दिसतील.

मुसलमान घरांत आकडे आणखी बोलके. विधवेला २ आणे म्हणजे नवऱ्याला मूल होतं किंवा मुलाचं मूल होतं. ४ आणे म्हणजे नव्हतं. मुलाला मुलीच्या दुप्पट. दोन विधवा असतील तर त्याच दोन आण्यांत दोघी. कागद फाटलेला असला तरी एवढ्यावरून मुलं किती ते मांडून बघता येतं.

साक्षीवर विश्वास किती ठेवावा

कोर्टात लोक खोटं बोलतात. शपथेवर, मोठ्या आवाजात, गावच्या देवाची आण घेऊन. दत्तकाच्या दाव्यात तर दत्तहोमाला हजर असलेले आणि नसलेले दोन्ही बाजूंचे साक्षीदार सारख्याच तपशिलानं सांगतात.

१८७२ च्या पुरावा कायद्यात यावर एक शहाणपणाचा निकष होता, तो आपणही वापरावा. मेलेल्या माणसानं नात्याबद्दल केलेलं विधान ग्राह्य, पण ते वाद उपस्थित होण्याआधीचं असलं पाहिजे. म्हणजे दाव्यासाठी तयार केलेल्या वंशावळीपेक्षा भांडण नसताना लिहिलेलं गहाणखत, लग्नाची यादी, क्षेत्रोपाध्यांच्या वहीतली नोंद यांना जास्त मान द्या. पंढरपूर, नाशिक, त्र्यंबकेश्वर इथल्या वह्या त्यासाठी बघाव्यात. आणि तुमच्या गावात हेळवी, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी सांगत फिरणारे, येत असतील, विशेषतः लिंगायत घरांकडं, तर त्यांच्याकडची पोथी नक्की वाचून घ्या. पिढ्यांची नावं त्यांच्याकडं असतात, तारखा नसतात. तारखा कोर्ट देतं. दोन्ही एकमेकांना लावून बघायचं.

जबानीच्या माथ्यावर मात्र कुणी फारसं खोटं बोलत नाही: नाव, बापाचं नाव, जात, वय, धंदा, राहणं. वय "सुमारे" असतं, पाच-सात वर्षं इकडंतिकडं धरा. स्टँप पेपरच्या मागं विकणाऱ्याचा शेरा असतो, त्यातही घेणाऱ्याचं नाव आणि राहतं ठिकाण. नक्कल मागताना मागची बाजूही मागा.

वर गेलेले दावे

अपील मुंबई हायकोर्टात गेलं असेल तर नशीब उघडलं म्हणायचं. हे हायकोर्ट १८६२ चं, त्याचे निवडक निकाल १८७६ पासून इंडियन लॉ रिपोर्ट्सच्या मुंबई मालिकेत आणि १८९९ पासून बॉम्बे लॉ रिपोर्टरमध्ये छापले गेले. बरेच खंड आता इंटरनेटवर फुकट वाचता येतात. दत्तक किंवा वाटणीच्या निकालाच्या सुरुवातीलाच वंशवृक्ष काढलेला असतो. घराण्याच्या नावानं सापडलं नाही तर गावाच्या नावानं शोधा, पहिल्या नावांनी शोधा.

दहा हजार रुपयांच्या वरचा वाद असेल तर तो लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत जाई, अगदी १९४९ पर्यंत. तिकडं जाणाऱ्या दाव्याचा सगळा कागदपत्र छापून पाठवत, जबान्यांसह. म्हणजे इथल्या रेकॉर्ड रूमात जे नष्ट झालं ते तिकडं छापील असू शकतं.

वतन आणि फेरफार, थोडक्यात

पाटील, कुलकर्णी, महार, जोशी अशी वतनदार घरं असतील तर १८७४ च्या वतन कायद्याखाली ठेवलेली रजिस्टरं तुमची. कुणाचा हक्क, कुणाची पाळी, कोण मयत आणि कोण वारस हे सरकारला लिहून ठेवावंच लागे. इनाम असेल तर इनाम कमिशनपुढं दिलेल्या कैफियती पुण्याच्या पुराभिलेखागारात शोधा, त्या पेशवाईपर्यंत मागं नेतात.

१९०३ च्या कायद्यानंतर गावोगाव हक्कनोंदी सुरू झाल्या. फेरफार म्हणजे गाव नमुना ६, आणि वारसांची नोंदवही ६-क. शहरातल्या घरासाठी सिटी सर्व्हेची चौकशी नोंदवही मागा, नुसतं प्रॉपर्टी कार्ड नको. चौकशीच्या वेळी घर कुणाकडून कसं आलं ते सांगावं लागे. जन्म-मृत्यूसाठी गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक. २०२३ पासून कुणबी नोंदी शोधण्याच्या निमित्तानं यातलं बरंच बाहेर आलं, स्कॅन झालं. तहसीलला जाण्याआधी तुमच्या गावचं काही निघालंय का ते विचारा.

ज्यांच्याकडं जमीनच नव्हती

हा प्रश्न सोलापुरात टाळून चालणार नाही. जुनी गिरणी १८७७ ची, आणि तिच्यामागं उभं राहिलेलं निम्मं शहर कामगारांचं, विणकरांचं. त्यांचे वाटणीचे दावे कुठून असणार?

गिरणीत अपघाती मृत्यू झाला असेल तर १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याखालच्या फायली बघा. भरपाई अवलंबितांना वाटायची असल्यानं विधवा, मुलं, म्हातारे आईबाप यांची नावं त्यात येतात. हातमागाचे मालक असतील तर सूत उधारीचे दावे. पद्मशाली घरांचं मूळ गाव तेलंगणात असेल तर तिथला कागद उर्दूत असण्याची तयारी ठेवा, आणि हैदराबादला तारनाक्याच्या राज्य पुराभिलेखागाराची वाट धरा. इंटिपेरू, म्हणजे घराण्याचं नाव, घरच्या म्हाताऱ्यांकडून नीट उच्चारासह लिहून घ्या.

सेटलमेंटमधल्या घरांची गोष्ट कडू आहे. गुन्हेगार जमाती कायद्यानं ज्यांना तारेच्या कुंपणात टाकलं, त्यांची नावं, नातलग, हजेरी पोलिसांनी काटेकोर लिहिली. १९५२ ला कायदा गेला. ती रजिस्टरं वाचताना माणसाला शिसारी येते, पण काही घरांच्या आजी-पणजीचं नाव लिहिलेलं दुसरं ठिकाणच नाही.

रेल्वेतले, छावणीतले गोरे किंवा अँग्लो-इंडियन पूर्वज असतील तर काम उलट सोपं. मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, लग्नं, दफनं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत 'एन/३' या मालिकेत आहेत आणि मृत्युपत्रं 'एल/एजी/३४/२९' मध्ये. विलायती सल्ला चालतो तो इथं.

मोडी आणि सालं

मोडीला पर्याय नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतचा बराच कागद मोडीत आहे. तीन महिने शिकलात तर ठरावीक मजकूर लागायला लागतो, कारण दस्ताची भाषा साचेबंद असते. जाणकाराकडून वाचून घेणार असाल तर नावं आणि आकडे तरी स्वतः ताडून बघा.

सालांसाठी हे जवळ ठेवा: फसलीत ५९० मिळवा, शकात ७८, सुहूरात ५९९. दुष्काळाचं १८७६ हे फसली १२८६, शके १७९८. या सालांची वर्षं जानेवारीला सुरू होत नाहीत, म्हणून १ जानेवारीपासून ते साल संपेपर्यंतच्या तारखेला आणखी एक मिळवावा लागतो. माघातला जन्म एक वर्ष आधी लावून माझ्या एका मित्रानं आजोबांना त्यांच्या आईबापांच्या लग्नाआधीच जन्माला घातलं होतं.

नोंदवही ठेवताना प्रत्येक नावापुढं दाव्याचा नंबर, निशाणी (दाव्यातल्या कागदाचा क्रमांक) आणि पान लिहा. "काकांनी सांगितलं" असेल तर तसं लिहा. आमच्या चुलतीच्या नावापुढं सध्या तीन नोंदी आहेत: हुकूमनामा, दरखास्त, आणि अन्नवस्त्राच्या शेवटच्या हप्त्याची पावती, अंगठ्यासह. पावतीवर तिचं राहणं माळशिरस तालुक्यातलं लिहिलंय, म्हणजे ती माहेरी गेली होती. तिच्याकडं स्वतःचं काही असेल तर तिनं ते कुणाला तरी लिहून दिलं असेल. तिथल्या सब-रजिस्ट्रारकडं पुस्तक ३ च्या शोधाचा अर्ज दिलाय, दहा वर्षांचा पट्टा देऊन. पुढच्या सोमवारी बोलावलंय.